पंधरा, साठ आणि परत खाली: एका रुग्णाच्या स्टेरॉइडचा हिशेब

रुग्ण ६९ वर्षांच्या बाई, ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. सहा आठवड्यांपासून मान, दोन्ही खांदे आणि मांड्यांचा वरचा भाग सकाळी इतका आखडायचा, की केस विंचरायला हात डोक्यापर्यंत जाईना आणि कूस बदलायची तर पलंगाची कड धरावी लागे. उठल्यावर दीड-दोन तासांनी अंग जरा मोकळं व्हायचं. संध्याकाळी कणकण, भूक मंदावलेली, वजन अडीच किलोंनी उतरलेलं. वेदनाशामक गोळ्या घेऊन झाल्या होत्या, उतार नावापुरता.

एक खुलासा आधीच करतो. हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. या आजारात आणि या औषधावर जे वारंवार घडतं, ते एका रुग्णात गोळा करून मांडलं आहे. बाईंच्या तपासण्यांचे आकडे त्या मांडणीसाठी घेतलेले आहेत. औषधांचे डोस, मार्गदर्शक सूचना आणि अभ्यासांचे निष्कर्ष मात्र जसेच्या तसे आहेत.

तपासण्यांत इएसआर ७८ आणि सीआरपी ५२ मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे शरीरात कुठेतरी जोरदार दाह चालू. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रक्तातल्या खुणा, निगेटिव्ह. स्नायूंना इजा झाली की वाढणारं सीके हे एन्झाइम नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, रक्तातल्या प्रथिनांच्या तपासणीत मायलोमाची (अस्थिमज्जेच्या एका कर्करोगाची) खूण नाही. वय पन्नाशीच्या पुढे, दोन्ही बाजूंना सारखं दुखणं, सकाळचा लांबलेला ताठरपणा आणि बाकी कारणं वगळलेली: निदान पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत हा आजार सर्वाधिक आढळतो, पण तो कुठल्या एका वंशाची मक्तेदारी नाही. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो.

केसपेपरवर डॉक्टरांनी आणखी तीन नोंदी केल्या होत्या. मासिक पाळी ४४व्या वर्षी थांबली. आईचं खुब्याचं हाड म्हातारपणी मोडलं होतं. एचबीएवनसी ६.१ टक्के, म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. दुखऱ्या खांद्यांशी यांतल्या एकाचाही संबंध नाही. उपचाराशी मात्र तिन्हींचा आहे, आणि स्टेरॉइड सुरू करण्याआधीच्या पाच मिनिटांत विचारायचे प्रश्न ते हेच.

तिसऱ्या दिवशीचा चमत्कार

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, १५ मिलिग्रॅम, रोज सकाळी, नाश्त्यानंतर. युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ साली मिळून दिलेल्या सूचनांनुसार पॉलिमायाल्जियात सुरुवात १२.५ ते २५ मिलिग्रॅमच्या दरम्यान करायची, चार ते आठ आठवड्यांत १० वर यायचं आणि तिथून दर चार आठवड्यांना एकेक मिलिग्रॅम कमी करायचा. मधुमेहाचा आणि हाडांचा धोका असेल तर खालच्या टोकाकडून. म्हणून २५ ऐवजी १५.

तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला: "डॉक्टर, आई आज स्वतःहून आंघोळ करून, वेणी घालून बसली आहे. नक्की काय दिलंत?"

असा प्रश्न पहिल्यांदा १९४८ साली पडला. अमेरिकेत रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सप्टेंबर महिन्यात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली आणि काही दिवसांत ती चालू लागली. हे द्रव्य एडवर्ड केंडॉल यांनी मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींतून वेगळं केलं होतं. त्याच ग्रंथींवर स्वित्झर्लंडमध्ये ताडेउस राइकश्टाइन काम करत होते. तिघांना १९५० चं नोबेल मिळालं. हेंच यांचा डोस दिवसाला १०० मिलिग्रॅम कॉर्टिसोन होता, म्हणजे आजच्या हिशेबाने २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. पुढच्या काही वर्षांत तेच औषध महिनोन्‌महिने घेणाऱ्यांचे चेहरे सुजू लागले, हाडं मोडू लागली, आणि आनंदाचा भर ओसरला. गंमत अशी, की फायदा दिसायला दिवस लागतात आणि किंमत दिसायला महिने. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत या अंतरात काडीचा फरक पडलेला नाही, आणि रुग्णाचे व डॉक्टरांचे बहुतेक चुकीचे निर्णय याच अंतरात होतात.

इतक्या लवकर आराम पडतो कसा? प्रेडनिसोलोन पेशीत शिरून आपल्या ग्राहीला चिकटतं, ती जोडी केंद्रकात जाते आणि दाह भडकवणाऱ्या जनुकांची कळ दाबून धरते. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ अशी एकेक निरोप्या प्रथिनं कमी बनतात, प्रोस्टाग्लँडिनचा पुरवठाही आटतो. एखादं जैविक औषध यांतला एकच निरोप अडवतं. स्टेरॉइड एकाच वेळी अनेक. पण हीच जोडी यकृतात साखर बनवणारी जनुकं चालू करते, हाड बांधणाऱ्या पेशींना लवकर मारते, स्नायूंतली प्रथिनं मोडायला लावते. दुष्परिणाम म्हणून जे सांगितलं जातं, ते याच संप्रेरकाचं नेहमीचं काम आहे, फक्त प्रमाणाबाहेर गेलेलं. म्हणून फायदा ठेवून तोटा काढून टाकणारं स्टेरॉइड शोधण्याचे अनेक प्रयत्न झाले, तरी रोजच्या उपचारात प्रेडनिसोलोनची जागा घेणारं काही आलं नाही.

डोस समजून घ्यायला एक माप पुरतं. आपल्या अॅड्रिनल ग्रंथी दिवसाकाठी जितकं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात, ते ढोबळमानाने ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या किंवा त्याहून थोडं कमी ताकदीचं. म्हणजे १५ मिलिग्रॅम हे शरीराच्या नेहमीच्या पुरवठ्याच्या निदान तिप्पट. वैद्यकीय भाषेत ७.५ पर्यंतचा डोस 'कमी', ३० पर्यंतचा 'मध्यम', १०० पर्यंतचा 'जास्त' म्हणतात. 'कमी' या शब्दावर हाडांचा विश्वास नाही, हे पुढे येईलच. आणि नावं बदलून आलेल्या गोळ्यांची अदलाबदलही इथेच लक्षात ठेवावी: ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, ६ मिलिग्रॅम डिफ्लाझाकॉर्ट आणि जेमतेम पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन. अर्ध्या मिलिग्रॅमची डेक्सामेथासोनची बारीकशी गोळी 'अगदी हलकी' म्हणून वर्षानुवर्षं घेणारे लोक असतात. ती ३ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनहून जास्त भरते.

दहावरून पाचवर

चार आठवडे १५, चार आठवडे १२.५, मग १०. इएसआर २२ वर आला. बाई खूश, पण गाल भरल्यासारखे दिसायला लागले होते. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोले: "स्टेरॉइड? अहो, आधी बंद करा ते." दोन आठवडे १० घेतल्यावर बाईंनी कुणाला न विचारता डोस ५ वर आणला. दुखणं लगेच परतलं नाही, त्यामुळे आपलं बरोबर होतं असंच त्यांना वाटलं.

यात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या औषधाची भीती दहा जण घालतात, ते का घ्यायचं, किती दिवस घ्यायचं आणि कोणत्या क्रमाने सोडायचं याचा कागद हातात नसेल, तर माणूस स्वतःचा क्रम ठरवतो. माझ्या मते पहिल्या चिठ्ठीबरोबरच उतरणीचं वेळापत्रक लिहून द्यायला हवं, तारखांसकट.

बाराव्या आठवड्यात उजव्या कानशिलात ठणका सुरू झाला. डोक्याची कातडी हुळहुळी. उशीवर डोकं त्या बाजूने टेकवेना. जेवताना दोन-तीन मिनिटं चावलं की जबडा भरून येई, थांबलं की बरं वाटे. दातांचं असेल म्हणून दहा दिवस पॅरासिटामॉलवर काढले. मग एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे राखाडी पडदा उतरला आणि पाचेक मिनिटांत निघून गेला. दुखलं काहीच नाही. मुलीने मात्र ताबडतोब फोन लावला, आणि दृष्टी वाचली ती या फोनमुळे.

पॉलिमायाल्जियाच्या साधारण पाचातल्या एका रुग्णात त्याचं जवळचं भावंड सोबत असतं किंवा मागाहून उगवतं: जायंट सेल आर्टरायटिस. मोठ्या आणि मध्यम धमन्यांच्या भिंतीत दाह होतो, भिंत सुजते, आतली वाट अरुंद होते. चावताना जबड्याच्या स्नायूंना रक्त अपुरं पडतं म्हणून तो दुखतो. डोळ्याच्या मज्जातंतूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांवर तीच पाळी आली, की दृष्टी जाते, आणि गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. उपचार झाला नाही तर दुसरा डोळाही काही दिवसांत किंवा आठवड्यांत जाऊ शकतो. राखाडी पडदा ही सूचना होती.

डोस स्वतःहून कमी केला म्हणून हे झालं का? घरच्यांना हाच प्रश्न खात होता. सरळ उत्तर देता येत नाही. धमन्यांतला दाह आधीपासून धुमसत असेल आणि १५ मिलिग्रॅमने खांदे मोकळे करून तो झाकून ठेवला असेल, हे शक्य आहे. पॉलिमायाल्जियाचा डोस दृष्टी राखायला पुरेसा नसतो, त्यामुळे १० मिलिग्रॅम चालू असतानाही हेच घडू शकलं असतं. म्हणूनच पॉलिमायाल्जियाच्या प्रत्येक रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायचं असतं: नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं, दृष्टीत काहीही फरक, यांतलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी या.

साठ मिलिग्रॅम, त्याच दुपारी

निदान पक्कं करण्याची जुनी, खात्रीची पद्धत म्हणजे कानशिलाच्या धमनीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. तो अहवाल यायला दिवस लागतात. डोळा तेवढा थांबत नाही. स्टेरॉइड सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांपर्यंत काढलेल्या तुकड्यातही आजाराच्या खुणा सापडतात, म्हणून आधी औषध आणि मग पुरावा हा क्रम इथे रास्त. त्याच दुपारी शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन ५०० मिलिग्रॅम, असं तीन दिवस. चौथ्या दिवसापासून प्रेडनिसोलोन ६०. दुसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत कानशिलाच्या धमनीभोवती सुजेचं काळं कडं दिसलं, पाचव्या दिवशीच्या बायोप्सीत (धमनीच्या तुकड्याच्या तपासणीत) राक्षसपेशी, म्हणजे आजाराच्या नावातले 'जायंट सेल', सापडल्या. डोळ्यापुढे पडदा पुन्हा आला नाही.

आता आकडे मांडून बघू. पहिल्या बारा आठवड्यांत बाईंच्या पोटात गेलेलं प्रेडनिसोलोन: ४२०, ३५०, १४० आणि शेवटचे ७०, एकूण ९८० मिलिग्रॅम. शिरेतून दिलेल्या तीन दिवसांच्या औषधाची बरोबरी १,८७५ मिलिग्रॅमशी. म्हणजे ज्या डोसला घाबरून गोळी निम्मी केली, त्याच्या बारा आठवड्यांच्या बेरजेच्या जवळपास दुप्पट तीन दिवसांत गेलं. आणि तो निर्णय शंभर टक्के योग्य होता. पॉलिमायाल्जियात जास्तीचे ५ मिलिग्रॅम न दिल्याने फार तर खांदे आठवडाभर दुखतात. इथे काटकसर केली असती तर डोळा गेला असता. स्टेरॉइड चांगलं की वाईट असं कुणी विचारलं, की मला त्याला उलट विचारावंसं वाटतं: कोणत्या आजारात, किती, किती दिवस, आणि न दिल्यास काय होणार?

किंमत

पहिलं बिल आलं झोपेचं. साठच्या डोसवर आठवडाभरात बाई पहाटे तीनला उठून कपाटं आवरू लागल्या, फोनवर भराभर बोलू लागल्या, मुलीवर खेकसल्या आणि मग रडल्या. १९७२ सालच्या बोस्टनमधल्या एका मोठ्या पाहणीत ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन (प्रेडनिसोलोनचंच तितक्याच ताकदीचं भावंड) घेणाऱ्यांपैकी १.३ टक्के, ४१ ते ८० घेणाऱ्यांपैकी ४.६ टक्के आणि ८० च्या वर १८.४ टक्के रुग्णांना मानसिक त्रास झाल्याचं आढळलं होतं. डोसबरोबर चढणारा असा स्वच्छ जिना औषधशास्त्रात क्वचित दिसतो. पूर्ण डोस सकाळीच घ्यायचा हे पुन्हा बजावलं, काही दिवसांपुरती झोपेची गोळी दिली आणि घरच्यांना सांगितलं: हे गोळीचं बोलणं आहे, आईचा स्वभाव बदललेला नाही. डोस खाली येताच ते निवळलं.

साखरेची गोष्ट जास्त फसवी. उपाशीपोटी १०२, म्हणजे चिंता नाही असं कुणीही म्हणेल. पण सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा जोर दुपारपासून संध्याकाळपर्यंत असतो. रात्री तो उतरतो आणि पहाटेची साखर साळसूद दिसते. दुपारच्या जेवणानंतर मोजली तेव्हा २७४ निघाली. फक्त उपाशीपोटीची साखर तपासून 'स्टेरॉइडचा मधुमेह नाही' म्हणणं ही सर्रास होणारी चूक आहे. बाईंना सकाळी एकदाच घ्यायचं मध्यम मुदतीचं इन्सुलिन दिलं, कारण त्याचा चढ-उतार गोळीच्या चढ-उताराशी जुळतो. डोस जसा घटला तसं इन्सुलिनही घटवलं. हे विसरलं तर साखर धाडकन खाली जाते.

हाडांचं नुकसान सर्वांत मुकाट. स्टेरॉइड सुरू झाल्यावर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत हाडं सर्वाधिक वेगाने झिजतात, आणि आधी झिजतो तो मणक्यांमधला जाळीदार भाग. मणका मोडण्याचा धोका रोजच्या ७.५ मिलिग्रॅमच्या आतल्या डोसवरही वाढलेला आढळतो. म्हणूनच 'कमी डोस' या शब्दावर हाडांचा विश्वास नाही असं म्हटलं. अमेरिकन संधिवात संघटना दिवसाला २.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त डोस तीन महिन्यांपेक्षा अधिक चालणार असेल, तर हाडांचा धोका तपासायलाच सांगते. बाईंच्या डेक्सा तपासणीत, म्हणजे हाडांच्या घनतेच्या मोजणीत, कण्याचा टी-स्कोअर उणे २.१. एरवी हा ऑस्टिओपोरोसिस ठरत नाही. पण ६९ वर्षं वय, लवकर थांबलेली पाळी, आईचा खुबा आणि वर ६० मिलिग्रॅम, हे सगळं जमेला धरलं की वाट बघण्यात शहाणपण नव्हतं. ड जीवनसत्त्व १४ नॅनोग्रॅम निघालं. ते आधी भरून काढलं, दात तपासून घेतले आणि मग हाडांची झीज रोखणारं, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक अॅसिड ५ मिलिग्रॅम दिलं. आहारातून आणि गोळीतून मिळून दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम. नुसतं कॅल्शियम देऊन हाडांची काळजी घेतली असं समजणं अशा रुग्णात पुरत नाही.

जंतुसंसर्गाबाबत थोडक्यात. क्षयाची आणि हेपटायटिस बीची तपासणी केली. जास्त डोसवर क्षयाची रक्ततपासणी अनिर्णित येऊ शकते, म्हणून छातीचा एक्स-रे आणि पूर्वेतिहास जोडीला लागतो. फ्लू, न्यूमोकॉकस आणि नागिणीची निर्जीव लस चालते, जिवंत लस या डोसवर नाही. न्यूमोसिस्टिस या फुफ्फुसाच्या संसर्गाविरुद्ध को-ट्रायमॉक्साझोल द्यावं का यावर तज्ज्ञांत दुमत आहे. २० मिलिग्रॅमच्या वर चार आठवड्यांहून जास्त काळ डोस, वय आणि पुढे येणारं दुसरं औषध पाहून इथे दिलं. डोळ्यांची तपासणी दर सहा महिन्यांनी, मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्हींसाठी. आणि एक आगाऊ टिप्पणी: स्टेरॉइडच्या प्रत्येक चिठ्ठीवर आपोआप उमटणारी आम्लपित्ताची गोळी नुसत्या स्टेरॉइडसाठी फारशी गरजेची नसते. जोडीला अॅस्पिरिन किंवा वेदनाशामक असेल, अल्सरचा इतिहास असेल, तर जरूर.

डोस लवकर खाली आणायचा तर भार उचलायला दुसरं कुणीतरी हवं. इंटरल्युकिन-६ चा निरोप अडवणाऱ्या टोसिलिझुमॅबला जायंट सेल आर्टरायटिससाठी अमेरिकेत मे २०१७ मध्ये मान्यता मिळाली. त्यामागच्या जियाक्टा चाचणीत दर आठवड्याला टोसिलिझुमॅब आणि २६ आठवड्यांत उतरत जाणारं प्रेडनिसोन घेतलेल्यांपैकी ५६ टक्के रुग्ण वर्षाअखेर आजारमुक्त टिकून होते. नुसतं प्रेडनिसोन २६ आठवड्यांत उतरवलेल्यांपैकी १४ टक्के, आणि ५२ आठवड्यांत उतरवलेल्यांपैकी १८ टक्के. वर्षभरात लागलेलं प्रेडनिसोन टोसिलिझुमॅबच्या गटांत मध्यमानाने १,८६२ मिलिग्रॅम, इतर दोन गटांत ३,२९६ आणि ३,८१८. बाईंना ते सुरू केलं. फुकट तेही नाही: जंतुसंसर्ग, आतड्याला छिद्र पडण्याचा क्वचित धोका, आणि एक निदानाची अडचण जिच्याशी लवकरच गाठ पडली. हे औषध सीआरपी जवळजवळ शून्यावर आणतं, मग आजार उलटला तरी रक्त काही बोलत नाही.

खुर्चीतून उठता येत नाही

साठचा डोस सुरू झाल्यानंतरचा चौथा महिना, डोस १५ वर आलेला. बाई म्हणाल्या, "खुर्चीतून उठायला हातांचा रेटा द्यावा लागतो. परत तेच सुरू झालं वाटतं."

सहज पडणारं पाऊल म्हणजे डोस वाढवणं. पॉलिमायाल्जियाही मांड्यांनाच धरतो, आणि सीआरपी तर मुका झालेला. इथे रुग्णाला विचारण्याला पर्याय नव्हता. सकाळी जास्त होतं का? नाही, दिवसभर सारखंच. दुखतं का? दुखत नाही, बळच नाही. खांद्यांचा ताठरपणा? मुळीच नाही. सीके नॉर्मल. मांड्या पाहिल्या तर उतरलेल्या. हा स्टेरॉइडने झालेला स्नायूंचा क्षय होता. डोस वाढवला असता तर बळ आणखी गेलं असतं, मग 'आजार हटत नाही' म्हणून आणखी वाढवला गेला असता. या चक्रात वर्षभर फिरलेले रुग्ण असतात. डोस ठरल्यापेक्षा थोडा लवकर १० वर आणला आणि फिजिओथेरपिस्टकडून मांड्यांचे ताकदीचे व्यायाम सुरू केले. दोन महिन्यांत फरक दिसला. मांडीच्या सांध्यात जांघेकडे खोल दुखत असतं, तर खुब्याचा एमआरआय काढला असता, कारण जास्त डोसवर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते कुजू शकतं.

आठव्या महिन्यात, ४ मिलिग्रॅमवर, तक्रार पुन्हा तशीच, पण अंदाज निराळा. दिवसभर गळपटल्यासारखं, मळमळ, उठून उभं राहिलं की चक्कर, सगळं अंग मोडून आल्यासारखं. उभं राहिल्यावर रक्तदाब घसरत होता. ऐतं मिळायला लागलं की हात बांधून बसणाऱ्या माणसासारख्या अॅड्रिनल ग्रंथी बाहेरून पुरवठा होताच काम सोडतात, आणि डोस शरीराच्या गरजेखाली आला की हे उघडं पडतं. सकाळी आठ वाजता, आदल्या दिवशीच्या गोळीनंतर २४ तासांनी आणि त्या दिवशीची गोळी घेण्याआधी कॉर्टिसॉल मोजलं: ३.८ मायक्रोग्रॅम. दहाच्या वर असेल तर ग्रंथी जाग्या झाल्या असं मानतात, पाचच्या खाली म्हणजे अजून झोपेत. डोस परत ५ वर नेऊन स्थिर ठेवला. घाईने शून्यावर जाण्यात काही मिळणार नव्हतं.

त्याच काळात बाईंना जुलाब-उलट्या झाल्या आणि सकाळची गोळी उलटून पडली. साध्या पोटदुखीतून जिवावर बेतणारा प्रसंग असा येतो: ग्रंथी देत नाहीत, गोळी टिकत नाही, रक्तदाब कोसळतो. मुलीला आधीच शिकवून ठेवलं होतं: ताप आला तर डोस दुप्पट, उलटी होत असेल तर घरी वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन. ते तासाभरात मिळालं. पर्समध्ये ठेवलेलं 'मी स्टेरॉइड घेते, अचानक थांबवू नका' हे कार्ड दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांना दहा प्रश्नांची उत्तरं देऊन गेलं.

हेच ५ मिलिग्रॅम, आजार दुसरा

बाईंचा हिशेब तसाच्या तसा दुसऱ्या आजाराला लावता येत नाही. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये प्रेडनिसोलोन हा मुख्य उपचार नव्हेच. मेथोट्रेक्सेटसारखं औषध लागू पडायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवरचा आधार एवढीच त्याची जागा. तिथे कमी डोस दीर्घकाळ द्यावा का, हा वाद अजून मिटलेला नाही. २०२२ मध्ये आलेल्या ग्लोरिया चाचणीत ६५ वर्षांवरच्या ४५१ रुग्णांना दोन वर्षं रोज ५ मिलिग्रॅम किंवा नकली गोळी दिली. स्टेरॉइडवाल्यांचा आजार जास्त आटोक्यात राहिला, सांध्यांची झीज कमी झाली. पण निदान एक तरी लक्षणीय दुष्परिणाम ६० टक्क्यांना झाला, नकली गोळीवर ४९ टक्क्यांना, बहुतेक फरक जंतुसंसर्गाचा. हाच पुरावा वाचून एखादा तज्ज्ञ वृद्धाला ५ मिलिग्रॅम चालू ठेवेल आणि दुसरा तीन महिन्यांत बंद करेल. अमेरिकेची २०२१ ची मार्गदर्शिका दीर्घकाळ देण्याच्या ठाम विरोधात आहे, युरोपची २०२२ ची थोड्या काळासाठी देऊन लवकरात लवकर थांबवा म्हणते. मी स्वतः दुसऱ्या बाजूला झुकतो: सुरुवातीला आधार द्यावा, पण तीन महिन्यांनंतरही गोळी सुटत नसेल तर मुख्य औषध कमी पडतंय असं समजून ते बदलावं.

ल्युपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटणारा आजार) मूत्रपिंड धोक्यात असेल तर मोठा डोस अटळ, मग ५ किंवा त्याखाली हे लक्ष्य. स्क्लेरोडर्मात, म्हणजे त्वचा कडक करणाऱ्या आजारात, तर उलटच: दिवसाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास आणि वर गेलं की मूत्रपिंडाचा अचानक आघात होण्याचा धोका वाढतो, म्हणून तिथे हात आखडता. गाऊटच्या झटक्यात ३० ते ३५ मिलिग्रॅम पाच दिवस देऊन थांबवलं, तर वर सांगितलेल्यातलं बरंचसं उद्भवतच नाही. साखरेवर तेवढं लक्ष ठेवावं लागतं.

सद्यस्थिती

कॉर्टिसॉल तीन महिन्यांनी ८.२ आणि आणखी तीन महिन्यांनी ११.४ झालं. दरम्यान डोस ५ वरून अर्ध्या-अर्ध्या मिलिग्रॅमने उतरवत नेला होता. जायंट सेल आर्टरायटिसच्या निदानानंतर पंधराव्या महिन्यात प्रेडनिसोलोन बंद झालं. इन्सुलिन त्याआधीच सुटलं होतं, एचबीएवनसी ६.२. दोन्ही डोळ्यांची दृष्टी शाबूत, उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, शस्त्रक्रिया अजून लागत नाही. छातीच्या बाराव्या मणक्याची उंची थोडी घटलेली एक्स-रेत दिसते; ती नेमकी कधी घटली सांगता येत नाही, कारण सुरुवातीचा एक्स-रे काढलेला नव्हता. झोलेड्रोनिक अॅसिडचा दुसरा डोस झाला आहे.

टोसिलिझुमॅब अजून चालू आहे आणि ते कधी थांबवायचं हा पुढचा निर्णय आहे. थांबवल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण कमी नाही, चालू ठेवलं तर संसर्गाचा धोका राहतो. बाईंना दोन्ही बाजू सांगून झाल्या आहेत. इंजेक्शनांमधलं अंतर आधी एक आठवड्यावरून दोन आठवडे करून पाहावं, असं तूर्त ठरलं आहे. कानशिलाचा ठणका, जबडा आणि डोळ्यापुढचा पडदा ही तीन लक्षणं फोनजवळ लिहून ठेवलेली आहेत, आणि त्यांतलं एकही आलं तर रक्ताच्या अहवालाची वाट न बघता त्याच दिवशी तपासणी होईल.